मुकुंदजी आणि निळं झाकण

आजवर मी हे कोणाला सांगितलेलं नाही, बायकोला तर नाहीच नाही: मला माझ्या साडभाऊंचा हेवा वाटतो. थोडाथोडका नाही. जेवताना वाटतो, दाढी करताना वाटतो. त्यांना सर्दी झाली आणि चार माणसं काढ्याचे उपाय सांगायला धावली, की त्या सर्दीचासुद्धा वाटतो. पन्नाशी उलटलेल्या, दोन चष्मे बाळगणाऱ्या माणसाला हे शोभत नाही, हे मला कळतं. कळून उपयोग होत नाही, इतकंच.

साडभाऊंचं नाव मुकुंदजी. माझी बायको सुनंदा, तिची थोरली बहीण मंगलताई, आणि त्या मंगलताईंचे हे यजमान. तुम्ही त्यांना पहिल्यांदा पाहाल तेव्हा बहुधा त्यांची पाठच दिसेल. ते एखाद्या बसच्या मागे उकिडवे बसलेले असतील, हात मनगटाच्या वरपर्यंत सायलेन्सरच्या नळीत असेल आणि त्या हातात एक पांढराशुभ्र, इस्त्रीचा रुमाल असेल.

माझ्या पुतणीच्या लग्नातली गोष्ट. वरपक्षाची बस दारात आली. बँडवाले सुरू झाले, सुनंदा ओवाळायला ताट घेऊन पुढे झाली, आणि मुकुंदजी नव्या सफारीत सरळ बसच्या मागे गेले. नळीत रुमाल घालून गोल फिरवला, बाहेर काढला, उन्हात धरला.

"साडभाऊ, पाहा. पांढराच आहे. फिल्टर शाबूत आहे. घराणं चांगलं आहे."

नवऱ्या मुलाचे वडील मागेच उभे होते. मला वाटलं, झालं, आता मानापमान. तर ते इतके खूश झाले की सगळ्या लग्नात त्यांनी मुकुंदजींना आपल्या शेजारी बसवून घेतलं. बस भाड्याची होती, हे कोणाच्याही लक्षात आलं नाही. मुलीचा सख्खा काका मी. मला कोणी पाणीही विचारलं नाही.

आता या रुमालाचं काय प्रकरण आहे ते सांगायला हवं. नव्या डिझेल गाड्यांचा धूर पूर्वीसारखा थेट बाहेर येत नाही. वाटेत त्याला एक गाळणी लागते, ती काजळी अडवते. पुढे त्याच्यावर युरियाच्या पाण्याचा बारीक फवारा उडतो, त्यानं धुरातला विषारी वायू बराचसा निरुपद्रवी होतो. हे युरियाचं पाणी वेगळ्या टाकीत असतं. टाकीचं झाकण निळं असतं, डिझेलशी घोटाळा होऊ नये म्हणून. यातलं काही बिनसलं की चालकासमोर दिवा पेटतो. लॅपटॉप जोडला की कोड दिसतो. तरी दुर्लक्ष केलं तर गाडी आपली आपणच वेग कमी करते आणि रुसल्यासारखी रांगत चालते.

हे सगळं मला ठाऊक असतं, कारण हा माझा धंदा आहे. नर्मदेकाठच्या आमच्या शहरात, अधारतालच्या पुढे, महाराजपुरला, एका खासगी वर्कशॉपमध्ये मी सर्व्हिस इनचार्ज आहे. मालकाच्या स्वतःच्या शाळेच्या बस आहेत, बाहेरचे थोडे ट्रकही येतात. काजळीची ही गाळणी मी सासूबाईंना कित्येक वर्षं समजावून सांगत होतो. त्या माळ ओढत "अच्छा, अच्छा" म्हणायच्या. एका रविवारी मुकुंदजींनी ओट्यावरची चहाची गाळणी उचलली, तिच्यातला चोथा दाखवला, मग हातानं पाण्याचा हबका मारला.

"गाळणी आणि सडा," ते म्हणाले. "बस, एवढंच आहे आई."

"एवढंच होय!" सासूबाई म्हणाल्या. "शरद सांगायचा तेव्हा मला वाटे, काही सरकारी योजना आहे."

शरद म्हणजे मी.

वाईट हे, की मुकुंदजींना वर्कशॉपमध्ये मीच आणलं. ते डिफेन्सच्या फॅक्टरीतून रिटायर झाले, गाड्यांच्याच विभागातून. पाठोपाठ मंगलताई गेल्या. मूलबाळ नाही. घरात एकटा माणूस.

"भाऊजी दिवसभर कुकरच्या शिट्ट्या ऐकून राहिले," सुनंदा म्हणाली. "प्रेशर बरोबर नाही म्हणतात. शेजारच्यांच्या कुकरचंसुद्धा! तुमच्या तिथं काही पाहा ना. काहून एवढा विचार करता?"

मी एवढा विचार करत होतो, कारण मला भविष्य दिसत होतं. तरी आमच्या मालकांशी बोललो. मालकांना सगळे भैयाजी म्हणतात. भैयाजी म्हणाले, "आपके रिश्तेदार हैं तो ले आइए, शरदजी." महिनाभरात कोणालाच न मानणारे गोहलपुरचे मिस्त्रीसुद्धा त्यांना डॉक्टरसाहेब म्हणू लागले. पूर्वी गाडी अडली की अंगणात आरोळी उठायची, "शरदजी को दिखा दो." आता उठायची, "डॉक्टर साहब को बुलाओ!" मी खिडकीत बसून ती ऐकायचो आणि लॅपटॉप उगीचच बंद करून पुन्हा चालू करायचो.

डॉक्टर हे नाव फुकट पडलेलं नव्हतं. मुकुंदजी बॉनेटला हात लावण्याआधी चालकाला स्टुलावर बसवायचे, समोर दुसरं स्टूल घेऊन स्वतः बसायचे आणि विचारपूस सुरू करायचे. झोप कशी लागते? घरी सगळं ठीक? गाडी रागावली कधीपासून? सकाळी रागावते की चढावर? शेवटचं डिझेल कुठलं प्यायली? चालकाची सासू आजारी आहे इथपर्यंत माहिती निघायची, आणि त्या सासूला पोचवायला गाडी कुंडमच्या जंगलातून रात्रभर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चालली, म्हणून गाळणी तुंबली, हे त्यातूनच निघायचं. मी लॅपटॉप जोडून तेच कोडवरून काढलं असतं, आणि लवकर. पण माझ्याकडे कोणी सासूबद्दल बोलायचं नाही.

कोडबद्दल त्यांचं मत ठरलेलं होतं.

"कोड म्हणजे चुगली, साडभाऊ. चुगलखोर खोटं नाही बोलत. पण पुरंही नाही बोलत. आपण चुगली ऐकायची, मान हलवायची, आणि मग ज्याची चुगली आहे त्याच्या घरी जाऊन बसायचं."

आणि दुसरं वाक्य, जे ऐकून माझ्या कपाळाची शीर उडायची: "चूक नाही, तपास अपुरा." मुकुंदजी चुकलो असं म्हणायचेच नाहीत. भाजीत मीठ जास्त पडलं तरी तपास अपुरा. गेल्या दिवाळीला त्यांनी आमच्या स्वयंपाकघराची चिमणी 'चोक झाली' म्हणून उघडली आणि पुन्हा जोडल्यावर तीन स्क्रू उरले. ते खिशात टाकत म्हणाले, "कंपनीनं जास्तीचे दिले होते."

एकदा तर सगळ्यांसमोर सपशेल फसले. एक ट्रक आला. मुकुंदजींनी त्याच्या बुडाशी नाक नेलं, डोळे मिटले आणि जाहीर केलं, "अर्धवट जळून राहिलं. इंजेक्टर." अर्धा दिवस इंजेक्टर उतरवले, तपासले, सगळे ठणठणीत. मग ट्रकचा चालक आला आणि सायलेन्सरच्या खोबणीतून फॉइलचं पुडकं काढून घेऊन गेला. त्यात गाकर होते, निखाऱ्यावरच्या जाड भाकऱ्या, सकाळी भाजलेल्या, गरम राहाव्यात म्हणून ठेवलेल्या. एक बाजू करपली होती. मला इतका आनंद झाला की मी ही गोष्ट कितीतरी महिने सांगत फिरलो: सासुरवाडीला, बँकेच्या रांगेत, एका बारशात. सगळे पोट धरून हसले. हसून झाल्यावर प्रत्येकानं विचारलं, "काय गोड माणूस आहे हो! एकदा घेऊन या ना त्यांना."

अशा माणसाशी लढायचं कसं?

मग ती नवी बस आली. भैयाजींनी शाळेसाठी घेतलेली, पिवळीधमक. तिचा चालक गेंदालाल कुंडमकडचा, रिटायरमेंटला टेकलेला, कमी बोलणारा. नर्मदेच्या ग्वारीघाटावर तिची पूजा झाली, नारळ फुटला, पोरांची ने-आण सुरू झाली. थोड्याच आठवड्यांत दिवा पेटला. मी लॅपटॉप जोडला. कोड सांगत होता, युरियाच्या पाण्याची प्रत कमी आहे. मी टाकी रिकामी केली, नवं भरलं, दिवा गेला. भैयाजी माझ्या खांद्यावर थाप मारून गेले. ती थाप मी घरी सुनंदाला दोनदा सांगितली.

पण दिवा पुन्हा पेटला. बस रांगायला लागली, पोरं प्रार्थना संपल्यावर पोचायला लागली, पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर भैयाजींच्या नावानं शिमगा सुरू झाला. तेव्हा भैयाजी माझ्याशी काही न बोलता अंगणात गेले. म्हणाले, "डॉक्टर साहब, अब आप ही देखिए."

मुकुंदजींनी टाकीतला थेंब काचेवर घेऊन आपल्या छोट्या दुर्बिणीतून पाहिला. ती दुर्बीण पाण्यात युरिया किती ते दाखवते. त्यात पाणी जास्त होतं. मग स्टोअरमधले कॅन पाहिले, ते चोख. म्हणजे पाणी टाकीत शिरत होतं. त्यांनी टाकी उतरवून धुतली, हवेच्या पाइपनं वाळवली, शेवटी तो इस्त्रीचा रुमाल आत फिरवून पाहिला. मी शेजारीच उभा होतो. रुमाल कोरडा निघाला. नवं भरलं. काही आठवडे बरे गेले, आणि तोच दिवा, तोच कोड.

आता भैयाजींचं डोकं फिरलं. त्यांच्या मते सरळ होतं: गेंदालाल युरिया काढून बाहेर विकतो आणि टाकीत पाणी भरतो. दुसऱ्या एका ठिकाणी असा चालक पकडला गेल्याचं त्यांनी ऐकलं होतं. "हफ्ते भर में पता करो," ते मुकुंदजींना म्हणाले, "नहीं तो मैं इसको चोरी में निकालता हूँ. पुलिस अलग."

रिटायरमेंटला टेकलेला माणूस, चोर म्हणून निघणार. आणि डॉक्टरांना रोग सापडत नव्हता. ते स्टुलावर गेंदालालला बसवून विचारायचे, तो मान खाली घालून म्हणायचा, "हम कुछ नहीं किए साहब." खरंच बोलत होता. आपण काही केलं असं त्याला वाटतच नव्हतं.

ते सोमवारी सकाळी मला दिसलं. मी ऑफिसच्या खिडकीत चहा घेऊन उभा होतो. बस फाटकाशी उभी होती. गेंदालालनं चपला काढल्या. पिशवीतून पाण्याची बाटली काढली, कपाळाला लावली, निळं झाकण उघडलं आणि सगळी बाटली टाकीत ओतली. मग हात जोडून काही पुटपुटला, झाकण लावलं, चपला घातल्या, पोरं आणायला निघून गेला.

मला क्षणात कळलं. ते नर्मदेचं पाणी होतं. दर सोमवारी तो घाटावर जातो हे सगळ्यांना माहीत होतं. इंजिनात पाणी घालू नये, डिझेलमध्ये तर नाहीच नाही, हे त्याला तीस वर्षांच्या स्टिअरिंगवर कळत होतं. पण ही निळ्या झाकणाची टाकी नवीनच निघालेली. तिच्यातल्या द्रवाला आमचे सगळे चालक पाणीच म्हणतात, दिसतंही तसंच. गाडी पाणी पिते, तर मग माईचं का नको? बसमध्ये लहान लेकरं बसतात.

एका वाक्यात सगळं संपणार होतं. खिडकीतून हाक मारली असती तरी चाललं असतं.

मी चहा संपवला.

मी का बोललो नाही, हे मी फार दिवस स्वतःला नीट सांगितलं नाही. आता सांगतो. दुपारी जेवायच्या वेळी वर्कशॉपच्या पोरांनी मुकुंदजींना, दोस्ताला म्हणतात तसं 'बड्डे' म्हणत, छेडलं, "काए बड्डे डॉक्टर, मरीज बचेगा कि नहीं?" आणि मुकुंदजींचा चेहरा एवढासा झाला. आजवर मी तो तसा पाहिला नव्हता. पोळी हातात तशीच राहिली, नजर कुठंतरी बसच्या दिशेला. मला ते फार आवडलं. मला त्या दिवशी दुधी भोपळा आवडला, म्हणजे बघा. मी ठरवलं, राहू दे आठवडाभर असंच. गेंदालालला काढायची वेळ आली की मी बोलेनच. शेवटच्या क्षणी, सगळ्यांसमोर, शांतपणे. म्हणजे डॉक्टरांना जे सापडलं नाही ते शरदजींना सापडलं.

तो आठवडा मी सुखात घालवला. मुकुंदजी बसच्या वायरी तपासत होते, सेन्सर बदलत होते, तीच तीच जागा उघडत होते, पुन्हा लावत होते. मी मधूनच जाऊन विचारायचो, "काय म्हणतो पेशंट?" ते मान हलवायचे. एकदा म्हणाले, "साडभाऊ, रोग सोपा आहे हो. औषध कठीण आहे." मला वाटलं, सारवासारव करून राहिले.

शनिवारी भैयाजींनी सगळ्यांना अंगणात बोलावलं. गेंदालाल टोपी हातात घेऊन उभा. भैयाजींनी मुकुंदजींकडे पाहिलं. माझं वाक्य तयार होतं, घसा खाकरून मी अर्धं पाऊल पुढे टाकलंसुद्धा होतं.

तेवढ्यात मुकुंदजी म्हणाले, "भैयाजी, गलती मेरी है."

त्या माणसाच्या तोंडून तो शब्द आम्ही कोणीच कधी ऐकला नव्हता.

"टंकी धोई, सुखाई नहीं. पानी मेरे हाथ से रह गया. पहली बार कोई कॅन खराब आया होगा, इस बार मेरी गलती. इस आदमी का कोई दोष नहीं."

हे बोलून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. ओळखीच्या माणसाकडे गर्दीत बघावं तसं.

टाकी कोरडी होती. मी शेजारी उभा होतो. मला माहीत होतं, ते खोटं बोलताहेत. आणि तरी मी अर्धं पाऊल मागे घेतलं. का, ते तेव्हा मला समजलं नाही. इतकंच दिसलं की ते स्वतःहून खाली उतरताहेत, आणि जागा रिकामी होते आहे.

भैयाजी रागावले, पण वय पाहून आवाज चढवला नाही. "ठीक है. धुएँ का सारा काम अब शरदजी देखेंगे. आप टायर का स्टोर देख लीजिए, मुकुंदजी. आराम का काम है." डॉक्टर साहब नाही. मुकुंदजी.

पुढे तर कमालच झाली. मी टाकी धुऊन भरली आणि त्या बसचा दिवा पुन्हा पेटला नाही. "शरदजी का हाथ लगते ही ठीक हो गई," भैयाजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले. अंगणातली आरोळी पुन्हा माझ्या नावाची झाली. मी ती ऐकून सावकाश उठायचो, चष्मा पुसत. सोमवारी गेंदालाल फाटकाशी उभा दिसायचा, पण आता बाटलीतलं पाणी पुढच्या टायरवर वाहायचा. ते मी पाहिलं होतं. त्याचा अर्थ लावायचं मात्र टाळलं.

मुकुंदजी टायरच्या स्टोअरमध्ये बसायचे. तिथं बोलायला कोणी नसतं, टायरला ना सासू ना झोप. ते प्रत्येक टायर बोटांनी वाजवून बघायचे. चालक चुकून त्यांच्याकडे आले तर ते माझ्या खिडकीकडे बोट दाखवायचे. "शरदजींकडे जा. धुराचं त्यांच्याकडे." कुरकुर नाही, टोमणा नाही. उलट माझ्याशी पूर्वीपेक्षा जास्त मायेनं वागू लागले. रविवारी जेवायला आले की सिंघाडे आणायचे आणि सोललेले माझ्याच ताटलीत टाकायचे. मला त्यांची ती माया सहन होत नव्हती. हरलेल्या माणसानं निदान तोंड पाडून बसावं!

या होळीनंतर गेंदालाल रिटायर झाला. जायच्या दिवशी खोव्याची जिलेबी घेऊन माझ्या ऑफिसात आला, दार लोटून घेतलं.

"साहब, अब नौकरी नहीं रही तो बोल सकते हैं. मुकुंदजी ने हमसे कसम ले रखी थी."

मग त्यानं सांगितलं. त्याच सोमवारी मुकुंदजींनीही त्याला पाहिलं होतं, स्टोअरच्या दारातून. दुपारी त्याला बाजूला घेतलं. तो रडायला लागला, म्हणाला माईचं पाणी आहे, चोरीचं नाही, पण आता कोण मानेल? आणि खरं सांगितलं तरी नवी बस बिघडवली म्हणून घरी पाठवतील. मुकुंदजी त्याच्याजवळ बसून राहिले. मग म्हणाले, ती टाकी माईचं पाणी पिणारी नाही, माईला टायरवर वाहा, रस्ता तोच पाहतो. बाकी मी बघतो. म्हणजे त्या आठवड्यात ते वायरी तपासत नव्हते. वेळ काढत होते, आणि स्वतःच्या तोंडाला तो एक शब्द शिकवत होते.

मी जिलेबीचा तुकडा हातात धरून बसलो होतो.

"हमने उनसे कहा," गेंदालाल म्हणाला, "कि शरद साहब ने भी देखा है. खिड़की में चाय ले के खड़े थे. वो सब बता देंगे. तो मुकुंदजी हँस दिए. बोले, शरद नहीं बोलेगा. अपना आदमी है. उसने देख के भी नहीं बोला, समझो तुम्हारे लिए ही नहीं बोला." त्यानं वाकून माझ्या पायांना हात लावला. "आप दोनों ने हमारी इज्जत रख ली, साहब."

मी पाय मागे घेतले. त्याला वाटलं, संकोचानं.

त्या रविवारी मुकुंदजी नेहमीसारखे आले. सुनंदा ताट वाढत होती. गेंदालाल गेल्याचा विषय निघाला, आणि मुकुंदजी तिला म्हणाले, "सुनंदा, तुझा नवरा काय माणूस आहे, तुला माहीत नाही."

"काहून? काय केलं त्यांनी?"

"ते आमच्या दोघांचं आहे." ते माझ्याकडे पाहून हसले. मग वरणात भात कालवत म्हणाले, "मंगल गेल्यावर मी भिंतीशी बोलून राहिलो होतो, साडभाऊ. आता निदान सोबत गप्प बसायला कोणी आहे."

सुनंदाला वाटलं, म्हातारे भावुक झाले. तिनं त्यांना तूप वाढलं. मी पाणी प्यायलो. त्या घोटाबरोबर मला बोलता आलं असतं. पण खरं सांगतो, त्या क्षणीही मला त्यांचा हेवाच वाटत होता. एखाद्याच्या गप्प बसण्याचा इतका चांगला अर्थ लावायचा, ही बुद्धी मला जन्मात झाली नसती. मी त्यांना खिडकीत चहा पिताना पाहिलं असतं, तर मी काय समजलो असतो, ते मला पक्कं ठाऊक आहे. आणि माझ्या बाबतीत तर तेच बरोबर होतं.

गेंदालाल आता गावी आहे. त्याची नोकरी जायची भीती राहिलेली नाही, तेव्हा ती सबबही उरलेली नाही. मुकुंदजी अजून टायर वाजवत बसतात. धुराचं काम अजून माझ्याकडे आहे.

भैयाजींना मला सांगायचं आहे, की त्या दिवशी टाकी कोरडी होती आणि मुकुंदजींच्या हातून काहीही चुकलं नव्हतं. आणि मुकुंदजींना सांगायचं आहे, की मी गेंदालालसाठी गप्प बसलो नव्हतो, तुमची फजिती बघायला गप्प बसलो होतो. त्यानंतर ते रविवारी आमच्याकडे जेवायला येतील की नाही, मला माहीत नाही. हे दोन्ही मी त्यांना देणं लागतो. अजून दिलेलं नाही.